झाकणावर लिहिलेली नावं

अंजूरहून रिक्षाने भिवंडीला येऊन मी एका लहानशा लॅबमध्ये काम करायचे. रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून मला कल्चरला बसवलं, तेव्हा आई म्हणाली, "जंतू वाढवायचा पगार देतात?"

शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. तार ज्योतीत लाल होईस्तोवर धरायची, निवू द्यायची, मग पू प्लेटमधल्या अगारच्या जेलीवर हलक्या हाताने ओढायचा. तेवढा वेळ पंखा बंद. झाकण जेमतेम उचलायचं. इन्क्युबेटरमध्ये प्लेट उलटी ठेवायची, नाहीतर झाकणावरचं पाणी जंतूंवर ठिबकतं. आणि पेशंटचं नाव प्लेटच्या खालच्या बाजूला लिहायचं, झाकणावर कधीच नाही.

एका गर्दीच्या दिवशी मी दोन प्लेटांची नावं झाकणांवर लिहिली. एक लूमवर काम करणाऱ्या माणसाची होती. त्याला शुगर होती आणि पायाची जखम चिघळली होती. दुसरी एका बाईच्या पाठीवरच्या गळवाची. दुसऱ्या दिवशी दोन्ही उघडून बघत होते, तेवढ्यात बाहेरून हाक आली. परत आले तर दोन्ही झाकणं बाजूला पडलेली. एका प्लेटमध्ये हिरवट थर, दुसरीत पिवळे ठिपके. कुठली कुणाची?

"हिरवी पायाची असेल, असं वाटतंय," मी म्हटलं.

"वाटतंय यावर औषध ठरत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोघांच्याही डॉक्टरांना फोन केला आणि दोन्ही पेशंटना परत बोलावलं.

लूमवाला लंगडत आला. "मैडम, पहले वाला क्या हुआ?"

"मेरी गलती से खराब हो गया," मी म्हटलं.

"कोई बात नहीं, फिर निकाल लो." जखमेत कापसाची काडी फिरवताना त्याने खुर्ची घट्ट धरली होती.

बाईचं गळू औषधाने बसलं. लूमवाल्याचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. हिरवेच जंतू निघाले, पण तोवर पायाचा अंगठा काळा पडला होता. तो कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या शुगरमध्ये तसाही गेला असता. मॅडमनी मला तो विषय पुन्हा काढू दिला नाही.

काही महिन्यांनी तो शुगर तपासायला आला. लूमवर उभं राहवत नाही म्हणून सूत गुंडाळून कांड्या भरायला बसवलंय, म्हणाला. माझ्याशी तो नेहमीसारखाच बोलला. माझ्या चुकीने वाया गेलेल्या दिवसांत अंगठा गेला असेल, हे सांगावं असं फार वाटलं. मी रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि पुढच्याला आत बोलावलं.