काडीपेटीतले सहा चिंचोके

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, अब्बांजवळ नाही. दुआ मागायला हात उचलते तेव्हाही याच्या भोवतीच फिरते आणि परत येते — शब्द तोंडून निघत नाहीत. तुम्ही समोर बसला आहात असं समजून आज सांगते.

मोहर्लीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी सहावी-सातवीला गणित शिकवायचे. अब्बा चंद्रपुरात तराजू दुरुस्त करत. शाळेसाठी त्यांनी मला एक छोटा तराजू करून दिला होता — दोन पितळी पारडी, मध्ये काटा. त्यावर मी समीकरणं शिकवायचे. काडीपेटीत चिंचोके लपवायचे. ती पेटी म्हणजे क्ष. एका पारड्यात पेटी आणि तीन सुटे चिंचोके, दुसऱ्यात आठ. पेटीचं स्वतःचं वजन भरून निघावं म्हणून आठांसोबत एक रिकामी पेटी. काटा मधोमध. आता दोन्हीकडून तीन-तीन उचला. काटा जागचा हलत नाही, समोर उरतात पाच. मग पेटी उघडायची, मोजायचे, आणि वर्गभर आरडाओरडा! फळ्यावरच्या क्षला घाबरणारी पोरं पेटीतल्या क्षवर तुटून पडायची.

जैवंता मात्र तराजूकडे बघायचीच नाही. सातवीतली, जंगलापल्याडच्या टोल्यावरची — चार घरांची वस्ती ती — गोंड घरातली मुलगी. पेटी कानाशी धरायची, एकदा हलवायची आणि आकडा सांगायची. कधीच चुकली नाही. आधी मला गंमत वाटली. मग — कसं सांगू? — मला तिची भीती वाटायला लागली. ऐकताना ती पेटीकडे नाही, माझ्याकडे बघायची. पापणी न हलवता. एवढ्याशा पोरीला कुणी घाबरतं का? मी घाबरायचे.

पानगळीचे दिवस होते. जिल्ह्याहून एक साहेब माझा तराजू बघायला येणार होते. त्यांना आवडला तर तो प्रदर्शनात जाणार होता. सकाळपासून मी पेटी जुळवत होते. चिंचोके काही सारख्या वजनाचे नसतात. पाच टाकून काटा जागेवर येईना. बदलून बघितले, तरी नाही. शेवटी मी एक बारीकसा सहावा टाकला — आणि काटा मधोमध आला. पेटी बंद केली. तराजू दुरुस्त करणाऱ्याची मुलगी मी!

दुपारी तीनच्या सुमारास साहेब मागच्या बाकावर बसले. पोरांनी झकास करून दाखवलं. "पाच!" सगळे एकदम ओरडले. जैवंतानं पेटी उचलली. कानाशी नेली.

"सहा हायेत, मॅडम."

साहेब हसले. "उघडून बघू या की."

तिथंच उघडायला हवी होती, नाही का? काय झालं असतं — जरा हसं झालं असतं. चिंचोके सारखे नसतात, हेही पोरं शिकली असती. मी ती पेटी तिच्या हातातून हिसकावली आणि पर्समध्ये टाकली. म्हणाले, "पाचच आहेत. हिला सवय आहे, साहेब, मध्ये मध्ये काहीतरी बोलायची. जैवंता, बाहेर हो."

"खोटं काऊन बोलता, मॅडम?" ती हळूच म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारून राहिली होती.

"बाहेर हो म्हटलं ना!"

ती गेली. पण मी सांगायला बसले ते हे नाही. हे तर त्याच्या अलीकडचं आहे.

त्या महिन्यात वाघ फिरत होता. टोल्यावरच्या पोरांनी एकटं जायचं नाही, सुट्टी झाल्यावर दोन बाप्ये काठ्या घेऊन येतील, त्यांच्यासोबत निघायचं — हा नियम मीच फळ्यावर लिहिला होता. खिडकीतून मला दिसली ती. व्हरांड्यात उभी नव्हती. बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीवरून जंगलाकडे चालली होती, एकटी, मागे न बघता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. मी पुढचं समीकरण मांडलं.

थोड्या वेळानं वानरं खेकसली. पहिल्यांदा एक, मग सगळा कळप. वाघ निघाला की वानरं अशी ओरडतात, हे तिथल्या पोरांना पाढ्यांआधी कळतं. वर्ग एकदम चूप झाला. एकानंही दाराकडे बघितलं नाही — सगळे माझ्याकडे बघत होते. मग वानरंही थांबली. त्यानंतर जी शांतता पडली, ती मी दुसरीकडे कुठंच ऐकली नाही. आणि त्या शांततेत मला माझाच आवाज आला, "दोन्ही बाजूंनी दोन-दोन काढा."

दिवस मावळताना सापडली. मोहाच्या झाडावर, उंच बेचक्यात. बुंध्याभोवती पावलांचे ठसे — गोल गोल, एकावर एक. माणसं जमली, डबे वाजवले, पण ती उतरेना. बोट दाखवून एवढंच म्हणायची, "तो अजून बसूनच हाय." तिथं काही नव्हतं. वाळलेली पानं होती. पण एकही माणूस त्या जागेवर पाय ठेवून गेला नाही. मीही वळसा घातला.

शेवटी तिचे वडील सोमाजी वर चढले, तिला खाली घेऊन आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, पोरीले घरी कोनं धाडलं?"

मी म्हणाले, "न सांगता गेली, भाऊ."

त्यांनी तिथंच तिच्या थोबाडीत मारली. जैवंता रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, पापणी न हलवता. मग सोमाजी माझ्यापुढे हात जोडून वाकले. "पोरीची चूक झाली, बाई. तुमाले तरास झाला. माफ करा."

आणि मी — "असू द्या," म्हणाले.

ती पुन्हा शाळेत आली नाही. मी आणायला गेले नाही. तराजू प्रदर्शनात गेला.

आता ती मोहर्लीत एका हॉटेलात स्वयंपाकाला आहे. गेल्या साली बाजारात भेटली. "बऱ्या हाय ना, मॅडम?" म्हणाली. मी हो म्हटलं. सोमाजी वारले, असं तिनंच सांगितलं. आपली पोरगी शाळेतून पळाली होती, असं ते शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले. तिनं त्यांना कधी खोटं पाडलं नाही.

ती पळाली नव्हती. मी तिला बाहेर काढलं होतं, आणि जाताना पाहिलं होतं.