अंगठ्याला कड लागते

आमच्या भाऊजींनी जेवढे अंगठे हातात धरून बघितलेत तेवढे अख्ख्या जर्मनीत कुणी बघितले नसतील, डॉक्टरांनीसुद्धा नाही. भाऊजी म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ. इंजिनियर, लग्न केलेलं नाही, हेर्त्सोगेनआउराख ह्या गावी आमच्याच घरात राहायचे. आठवडाभर कंपनीत, आणि शनिवार आला की सकाळची वंदना उरकून खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बॉलिंगच्या बॉलना भोकं पाडायचे. धंदा नव्हता, हौस. क्लबचे लोक त्याबद्दल केक आणून द्यायचे आणि ते केक मी खायची, कारण भाऊजींचं लक्ष केक देणाऱ्याच्या अंगठ्याकडे.

मी आले तेव्हा लेक कडेवर, शाळा नववीपर्यंत, भाषा येत नाही, दारावरची बेल वाजली तरी मी आतल्या खोलीत. आणि आल्या आल्या ह्या माणसाने बस पण न म्हणता माझा अंगठाच धरला. मोठ्या दिराने असा हात धरला म्हणून मी घाबरून ह्यांच्याकडे बघायला लागले. भाऊजी आपले शांत. ‘‘पेरं फुगलंय. विमानात फुगतं. उद्या परत बघू.’’ आणि आत निघून गेले! माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, अंगठे राहायचे. ‘‘तो नाही का, जाड पेराचा?’’ असं विचारायचे, आणि हे म्हणायचे, ‘‘दादा, तो माझा साहेब आहे.’’ साहेब एकदा जेवायला आले तर शेकहँड करतानाच भाऊजींनी त्यांचा अंगठा दाबून, वळवून, उजेडाकडे नेऊन बघितला. साहेबांना वाटलं भारतात असंच स्वागत करतात. जाताना त्यांनी माझा अंगठा दाबला. मी काय करणार, मी पण दाबला. एकलव्याची गोष्ट निघाली की भाऊजी चिडायचे. ‘‘मागितला म्हणून दिला? अरे, आधी विचारायचं, कुठे बसवणार, माप काय!’’

तर त्या बॉलला भोकं तीन, दोन बोटांची आणि एक अंगठ्याचं. अंगठ्याच्या भोकात प्लास्टिकची नळी बसवायची, गोंद लावून. नळी वर जराशी उरते. ती करवतीने कापायची, मग पटाशीने हळूहळू तासायची, मग पॉलिश पेपर. आणि सपाट नाही हं तासायची, बॉल गोल तर नळीचं तोंड पण त्याच गोलाईत बसलं पाहिजे, नाहीतर कड राहते, आणि कड राहिली की बॉल सुटताना अंगठ्याला लागते. ह्या कडेने भाऊजींचं डोकं पार व्यापलं होतं. नुसतं बोट फिरवून त्यांचं समाधान व्हायचं नाही. एकदा धुवायला काढलेल्या भाऊजींच्या पँटच्या खिशात मला बायकांचा पायमोजा सापडला, तो पातळ, मांडीपर्यंतचा. मी तो घेऊन धावत ह्यांच्याकडे. ‘‘अहो,’’ ह्यांना म्हटलं, ‘‘तुमच्या दादांचं काहीतरी आहे हो.’’ तर हे पेपरातून डोकं पण न काढता म्हणाले, ‘‘गेनाऊ, बरोबर. तो कडेवरून फिरवायचा असतो. अडकला तर अजून तासायची. धुऊ नकोस, चिडतील.’’

मग ते वेड वर घरात आलं. लेक, आमची छकुली, रांगायला लागली तसे भाऊजी तिच्या मागे मागे गुडघ्यावर, हातात पायमोजा. टेबलाचा कोपरा, पाळण्याची दांडी, खुर्चीचा पाय, जिथे अडकला तिथे तासलं. भाड्याच्या घराचा उंबरठा पण तासला. भाकरी वाढली की कडेवरून आधी अंगठा. ‘‘अगं, इथे लागतंय.’’ ‘‘भाऊजी, भाकरी आहे ती.’’ ‘‘हो, पण लागतंय.’’

आणि ह्याच वेडापायी सगळं झालं. थंडी कडाक्याची, केलरमध्ये गोंद वाळेना, क्लबची मॅच तोंडावर. भाऊजींनी बॉल वर आणला, हीटरजवळ ठेवला, छकुलीच्या दुपट्यात गुंडाळला. आणि बॉलिंगच्या हॉलवर न्यायची वेळ आली तर गाडी बंद. मग काय, बॉल घातला छकुलीच्या बाबागाडीत! वर पांघरूण, आणि गोंदाला वारा लागू नये म्हणून नळीवर तिची टोपी. खालच्या मजल्यावरची म्हातारी रोज छकुलीला बघायला वाकायची, तशी ती वाकली, आणि जी किंचाळली! मी वरून खिडकीतून बघतेय, छकुली माझ्या कडेवर, आणि भाऊजी टोपी काढून म्हातारीला अंगठ्याचं भोक दाखवतायत.

चार दिवसांनी ह्यांना ऑफिसात फोन आला. म्हातारीने कळवलं होतं, पोरीच्या गाडीत पोर नसते, तळघरात करवत चालते. युगेंडआम्टची बाई गुरुवारी घर बघायला येणार. ते मुलांचं सरकारी ऑफिस. आपल्या बायका बागेत कुजबुजत सांगायच्या, ते लोक मूल काढून नेतात म्हणून. माझं अन्न तुटलं. छकुलीला खाली ठेवेना, बाथरूमला जाताना पण घेऊन जायची. हे म्हणायचे, ‘‘आल्झो, हे बघ, नुसतं बघायला येतात गं, काही करत नाहीत.’’ भाऊजींनी एकदा फक्त विचारलं, ‘‘म्हातारीला करवतीचंच वाईट वाटलं ना?’’

गुरुवारी बाई आली. तरुण होती, सर्दी झालेली. चहा प्याली, छकुलीची लसींची पिवळी वही बघितली, तिला मांडीवर घेतलं, बाबागाडीचा विषय निघाला तेव्हा तर हसली, नाक पुसलं, ‘आलेस इन ऑर्डनुंग’, सगळं ठीक आहे, म्हणाली आणि बूट घालायला लागली. केलरचं नाव पण काढलं नाही! मी तिला दारापर्यंत सोडायला गेले तर खाली जिन्यापाशी भाऊजी उभे, इस्त्रीचा शर्ट, हातात केलरची किल्ली. बाई त्यांना ‘च्यूस’, म्हणजे टाटा, करून निघून गेली. मी पळत खाली गेले. केलरचं दार उघडंच. आत काही नाही. ड्रिलचं मशीन नाही, करवती नाहीत, नळ्यांचे डबे नाहीत, भिंतीला नुसते खिळे. सकाळीच क्लबच्या टेम्पोत घालून सगळं देऊन टाकलं होतं.

‘‘विचारलं का तिने?’’
‘‘नाही, भाऊजी.’’
‘‘बरं झालं.’’
‘‘मग आणा ना परत! कशाला दिलं?’’
‘‘ती परत आली म्हणजे?’’
‘‘नाही येणार आता.’’
त्यांनी किल्ली खिशात घातली. ‘‘तू जेवशील ना आज?’’

मी हो म्हटलं. ‘‘मग झालं,’’ म्हणाले आणि वर जाऊन कांदा चिरायला बसले.

मशीन काही परत आलं नाही. शनिवारी ते हॉलवर जाऊन यायचे, तिथे दुसरा कुणीतरी भोकं पाडायचा. आल्यावर मी विचारायची, कसं करतो तो? ‘‘करतो. पोरगा चांगला आहे,’’ एवढंच. मग छकुली, आता बोलायला लागलेली, शेजारी येऊन बसायची, जर्मनमध्ये काहीबाही सांगत, आणि ते तिचा इवलासा अंगठा आपल्या मुठीत धरून ऐकत राहायचे. माप घेत नव्हते. नुसता धरून ठेवायचे.