शिडी ओढून घेतलेलं घर

भूतबित मी मानत नाही — हे आधीच सांगून टाकते. पेशाने मी अ‍ॅनेस्थेटिस्ट. माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे बघण्यात आयुष्य गेलं. कोणी असले किस्से सुरू केले की मी चहा टाकायच्या निमित्ताने किचनमध्ये सटकते. तरी लिहितेय, कारण दहा वर्षं झाली आणि आता पोटात ठेववत नाही.

१९८७ चा ऑगस्ट. आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलला होतो. वडील आदल्या वर्षी गेले, म्हणून आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. पाच महिने झाल्यावर तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "आणखी थोडे दिवस राहू का गं? तिकडे घर खायला उठतं." मी म्हटलं, व्हिसा वाढवायला अर्ज करून बघते. एका कलीगने फॉर्म आणूनही दिला, मुदत सहज वाढते म्हणाला. तो फॉर्म माझ्या लॉकरमध्येच राहिला. चौथ्या दिवशी मी आईला सांगितलं, "नाही म्हणाले गं." माझी परीक्षा, दोन खोल्यांचा फ्लॅट... सबबी हव्या तेवढ्या आहेत. खरं म्हणजे मला माझं घर परत हवं होतं.

मन खात होतं, म्हणून रविवारी तिला फिरायला नेलं. स्कॉटलंडच्या सीमेजवळ माळावर एक बॅसल आहे. पूर्वी सीमेपलीकडून धाडी पडायच्या, तेव्हा शेतकऱ्यांनी बांधलेलं जाड भिंतींचं दगडी घर. खाली गुरं, वर माणसं. धाड आली की शिडी वर ओढून घ्यायची.

दुपारचे दोन, लख्ख ऊन. सुहास, माझा नवरा, खालच्या गोठ्यात फोटो काढत होता. आम्ही दोघी बाहेरच्या पायऱ्यांनी वर गेलो. मी पाटी वाचून आईला सांगत होते.

"आणि जो खाली राहिला, त्याचं?" तिने विचारलं.

"त्याचं काय... राहिला," मी म्हटलं.

शिडी लावायचं चौकोनी भोक वरच्या फळ्यांमध्ये अजून आहे. आई त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि खाली बघत म्हणाली, "अगं, ही बाई वर येऊ का विचारतेय. लेकीने शिडी ओढून घेतली म्हणते. वर जागा नाही, असं सांगितलं तिला." मग खोलीभर नजर फिरवून, "जागा तर पुष्कळ आहे."

मी वाकून पाहिलं, तर खाली फक्त सुहास, गळ्यात कॅमेरा. "आई, कोणाशी बोलताय?" तो वर बघून विचारत होता. "इथे मी एकटाच आहे."

तोवर आईने हात खाली घातला होता. "धर बाई," म्हणाली, आणि एकदम खांद्यापर्यंत खाली खेचली गेली. मी तिच्या कमरेला मिठी मारली. बेशुद्ध माणसं टेबलावरून ट्रॉलीवर घेतो आम्ही, वजन कळतं मला... ते तिच्या एकटीचं नव्हतं. मग सुटलं.

आईच्या मनगटावर चार बोटं आणि अंगठा उमटला होता. सुहास आजही शपथेवर सांगतो, त्याला आईचा हात तेवढा दिसला. वळ आठवडाभर होते. डॉक्टरकीच्या सगळ्या शक्यता मी तपासल्या. एकही बसत नाही.

आई ठरल्या तारखेला निघाली. हीथ्रोवर मी धीर करून विचारलं, "त्या बाईशी काय बोललीस गं?"

"म्हटलं, लेकीवर राग धरू नको. जागा असून नाही म्हणाली, तर तिचीही काही अडचण असेल." माझ्या कोटाचं वरचं बटण लावत ती म्हणाली, "जेवत जा वेळेवर." आणि आत गेली.

जानेवारीत आई सांगलीला वारली. घरात एकटीच होती. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या हाताचा उलगडा मला झालेला नाही. आणि आई खरंच त्या बाईबद्दलच बोलत होती का, तेही कळलेलं नाही. मधले चार महिने दर रविवारी मी तिला फोन करत होते. विचारता आलं असतं, खरं सांगताही आलं असतं. मी तिला इथल्या थंडीबद्दल सांगत राहिले.