व इतर

"ह्यात मी हाय," असं म्हणून मावशी कॅसेटच्या कव्हरवर बोट ठेवायच्या. बोटाखाली मोठ्या गायिकेचं नाव नसायचं, गायकाचंही नसायचं. अगदी तळाला, बारीक अक्षरांत छापलेले दोन शब्द असायचे: 'व इतर'.

आमच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरण होती. सगळे त्यांना मावशी म्हणत. दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते 'इतर' बघावं लागायचं. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारं. आपण "हो का?" म्हणतो आणि डबा उचलून सटकतो. मीही सटकायचो. खोटं कशाला सांगू, मला ते खरंच वाटायचं नाही.

लग्नाआधी मावशी इथल्या एका ऑर्केस्ट्रात गायच्या. तिथून कुणीतरी त्यांना मुंबईला नेलं आणि एका हिंदी चित्रपटाच्या गाण्यात नायिकेच्या मैत्रिणीच्या दोन ओळी त्यांच्या वाट्याला आल्या. गाणं विरहाचं. दुसरी ओळ 'है'वर संपत होती. मावशींच्या तोंडून 'हाय' गेलं.

"मग?" मी एकदा विचारलं.

"मग काय! संगीतकार म्हनला, वा, काय उसासा टाकलाय बाईनं! ऱ्हाऊ दे तसंच. आता मी कुठला उसासा टाकतोय? आमच्यात हायच म्हनत्यात की!"

आणि चालू गिरणीच्या घरघरीतही ऐकू जाईल एवढ्यानं त्या हसल्या. त्या दिवशी गिरण बंद करून त्यांनी मला कॅसेट ऐकवली. खणखणीत आवाज, आणि शेवटी तो 'हाय'. मी ते पुन्हा लावायला सांगितलं.

पुढे त्यांना घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतरच्या महापुरात गिरणीत पाणी शिरलं, त्यात कॅसेटही गेली. लेकीला मुलगी झाली ती या सगळ्यानंतर. आजीच्या मांडीवर चार वर्षांची झाली, पण आजीचा एक शब्द तिच्या कानावर पडला नव्हता.

एका दुपारी मावशींनी फळीवर सांडलेल्या पिठात बोटानं लिहिलं, 'नातीला गाणं ऐकवायचं हाय.'

मी मोबाइलवर शोधलं. चित्रपट पडलेला, जुनं गाणं कुठंच मिळेना. मिळालं ते कुणीतरी नव्यानं गायलेलं. मावशी फोनला कान लावून बसल्या. शेवटी एका मुलीनं अगदी स्वच्छ 'है' म्हटलं. मावशींनी मान हलवली आणि फोन परत दिला. मला त्या मुलीचा उगीचच राग आला.

"कुरुंदवाडला माझा एक दोस्त जुन्या कॅसेट जमवतो. त्याच्याकडं असणार," मी म्हणालो. मावशींनी मला हात जोडले.

ते जोडलेले हात आठवले की मला अजून लाज वाटते. कुरुंदवाड काही लांब नाही. सकाळची एसटी धरली असती तर दुपारच्या जेवणाला घरी आलो असतो. पण आज पाहुणे, उद्या पाऊस, परवा कुणाचं लग्न, असे चार महिने मी घालवले. मी दिसलो की मावशी भुवया उंचावून विचारायच्या आणि मी म्हणायचो, "या रविवारी नक्की."

शेवटी गेलो, कॅसेट सापडली, गाणं मोबाइलवर उतरवून आणलं. तोवर आजार उलटला होता आणि मावशींना जाऊन बारा दिवस झाले होते.

घरात लेक होती, नात होती. मी गाणं लावलं. मावशींच्या ओळी आल्या तशी लेकीनं पदर तोंडात धरला. पोर फोनकडं बघत राहिली.

"कोन म्हनतंय गं, आई?"

"तुझी आज्जी."

पोरीनं आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आज्जीला बोलाय येत हुतं?"