बिनखिशांचा कोट

आल्टाग्रास शिंपिणीनं पोटच्या पोराला जिवंतपणीच प्रेताचा कोट चढवला, अशी कुजबुज हैतीतल्या जाकमेल गावात वर्षभर चालली. कुजबुजीचं मूळ होती कोळसा विकणारी सेलिमेन. तिच्या पोटात पेज टिके, गोष्ट टिकत नसे.

आल्टाग्रासचा विल्नोर चित्रं काढायचा. त्या वर्षी छातीच्या दुखण्यानं तो खाटेला खिळला. ब्रश हातातून गळू लागला तसा म्हणाला, "मांमां, भिंतीवरचं हे चित्र मला अंगात घालायला शिवून दे. कार्निव्हलात एकदा मिरवतो, मग बघू."

आईच्या कानात राहिलं ते 'मग बघू'.

अमेरिकेतून गाठोड्यांनी येणारे जुने कपडे तिनं उपसले. घरांना पिवळा पडदा, टेकडीला सैनिकाची पँट, समुद्राला आणि आभाळाला मिळून एक निळा झगा. आत विल्नोरच्याच फाटक्या सदऱ्यांचा थर, खाली अस्तर आणि तिन्हींतून गोधडीसारखा बारीक धावदोरा.

विल्नोर खाटेवरून खोड्या काढी. "ही टेकडी आहे की सेलिमेनबाईंची पाठ?"

"गप. श्वास जपून वापर."

दुसरं निळं कापड दाखवलं तर म्हणे, "हे आभाळ नाही, पोलिसाची वर्दी आहे."

कार्निव्हलच्या आदल्या दिवशी सेलिमेन आली. कोट चाचपला. "अगं बाई, खिसे कुठं?"

"नाचायला खिसे कशाला?"

"नाचायला नकोत गं. पण आपल्यात बिनखिशांचं कोण घालतं, ते मी सांगू?"

सांगायची गरज नव्हती. मेलेल्यानं जाताना कुणाला खिशात घालून नेऊ नये, म्हणून प्रेताच्या कपड्यांचे खिसे तिथं शिवून टाकतात. सेलिमेन निघाली आणि चुलीवरचा भात शिजायच्या आत बातमी बंदरापर्यंत पोचली.

विल्नोर कोट घालून चार गल्ल्या चालला. पाचवीत त्याला खुर्चीवर उचलून आणावं लागलं. दहाव्या दिवशी तो गेला.

त्याच कोटात न्यायचं ठरलं. खिसे शिवायला बायका सुईदोरा घेऊन आल्या. कोट चाचपून एकीनं सुई परत डोक्याच्या रुमालात खोचली. "हिनं आधीच उरकलंय."

पुढं आल्टाग्रासकडे साधा परकरही शिवायला आला नाही. कधी कधी तिलाच वाटे, सेलिमेनचं खरं असेल तर?

कोटाचे दोन खिसे तिनं आधी त्या निळ्या झग्यातूनच कापून ठेवले होते. आभाळाला कापड कमी पडलं, म्हणून दोन्ही तिथं जोडले.