कुंदाच्या हिशोबातली आई

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात भिवापुरी मिरच्या निवडत होते. तिचे यजमान, आमचे अरुणभाऊजी, एवढंच म्हणाले, "शैलाताई, कुंदा गेली." मी म्हणाले, "बरं." असल्या बातमीला कोणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. हातातल्या मिरच्या परत पोत्यात टाकून मी चालायला लागले, आणि दुकानदार मागून ओरडत राहिला, "मावशी, भाव लावून देतो नं, थांबा तं!" माझ्या जागी कुंदा असती तर ती थांबली असती. भाव नीट लावून घेतला असता, मिरच्या पिशवीत भरल्या असत्या आणि मगच रडायला बसली असती. मला ते जमलं नाही. कामठी रोडवरच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि ती गणित. उभ्या नोकरीची मैत्री आमची, पण तिच्यातलं गणित माझ्यात काही उतरलं नाही.

ती खापा गावची. रोज एसटीने यायची आणि पहिल्या तासाच्या घंटेआधी फळ्यासमोर उभी असायची. दिसायला किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तिच्याबरोबर हॉटेलात जाणं म्हणजे शिक्षाच होती, कारण बिल आलं की ती ते ओळ न् ओळ वाचायची आणि वेटर बिचारा ताटकळत राहायचा. मी लाजून म्हणायची, "दे नं बाई पैसे, लोक बघून राहिले." त्यावर ती म्हणायची, "बघू दे. त्यांनीही आपापलं बिल बघावं." गणित तिच्या लेखी वहीत कोंडून ठेवायची गोष्टच नव्हती. दहावीच्या पुस्तकात अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत. मुलं ते प्रकरण घोकतात, पैकीच्या पैकी मार्क आणतात आणि त्याच संध्याकाळी 'बिनव्याजी हप्ता' अशी पाटी लावलेल्या मोबाइलच्या दुकानात बापाला नेऊन उभं करतात. वरची फी किती, रोख घेतला तर सूट किती, हे कोणी विचारत नाही. कुंदा चिडायची. "पुस्तकात सगळं आहे वं शैला, पण ते पुस्तक दप्तराच्या बाहेर निघूनच नाही राहिलं."

म्हणून शनिवारचा शेवटचा तास तिने स्वतःच्या हिमतीवर वेगळा काढला. त्या तासाला पुस्तक बंद. कधी विजेचं बिल, कधी सोनाराची पावती, कधी मोबाइलचा रिचार्ज. महिन्याचा म्हणून आपण जो रिचार्ज मारतो तो अठ्ठावीस दिवसांचा असतो, म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात, हे तिच्या वर्गातल्या पोरांनी शोधून काढलं तेव्हा अख्ख्या स्टाफरूमने गुपचूप आपापले मोबाइल बघितले होते. मीही बघितला. शाळेने मुलांना व्यवहार शिकवावा असं भाषणात सगळेच म्हणतात. तासाला उभं राहून तो शिकवणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती माझी मैत्रीण होती याचा मला आजही तोरा आहे.

पण तिची खरी परीक्षा झाली ती आनंद मेळाव्यात. आनंद मेळावा म्हणजे मुलांनी शाळेच्या मैदानावर खाण्याचे स्टॉल लावायचे, शिक्षक-पालकांनी विकत घेऊन खायचं, आणि शेवटी प्रत्येक गटाने स्टेजवर येऊन आपला नफा सांगायचा. त्या वर्षी दहावीतल्या प्रणालीच्या तर्री-पोह्यांवर नुसती झुंबड उडाली. रस्सा इतका झणझणीत की मी नाक पुसत दुसरी प्लेट घेतली. प्रणाली स्टेजवर आली, गल्ल्यात जमलेली सगळी रक्कम नफा म्हणून सांगून मोकळी झाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात कुंदा उभी राहिली.

"पोहे, चणे कुठून आणले?"

"बाबांच्या दुकानातून, मॅडम."

"तेल, गॅस?"

"घरचाच."

"आणि केले कोणी?"

"आईनं."

"आईला काय दिलं?"

मैदान खो खो हसलं. प्रणालीही हसली. "आईला काय द्यायचं मॅडम? आई तं घरचीच आहे."

कुंदा हसली नाही. तिने तिथेच फळा मागवला आणि सामान, तेल, गॅस असं एकेक मांडत गेली. शेवटी लिहिलं, आईची मजुरी. बाहेरच्या स्वयंपाकिणीला एवढ्या कामाचे जे द्यावे लागले असते तेच धरले. नफा बघता बघता तोट्यात गेला. मग बाकीच्या गटांची पाळी आली आणि एकाचाही स्टॉल तोट्यातून वर निघेना... सगळ्यांच्याच आया फुकट राबल्या होत्या. प्रणाली रडत घरी गेली. मला तेव्हा वाटलं होतं की हिने थोडं सबुरीने घ्यायला हवं होतं. आज तसं वाटत नाही.

सोमवारी प्रणालीचे वडील मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर. वस्तीतलं नावाजलेलं किराणा दुकान त्यांचं, आवाजही तसाच. बायकोलाही सोबत आणली होती, ती भिंतीजवळच्या खुर्चीवर पदर सावरून बसली होती. कुंदाने मला साक्षीदार म्हणून आत ओढलं. "बोर्डाचं वर्ष आहे सर," ते म्हणाले, "अन् ह्या मॅडम पोरीले आईची मजुरी मोजायले शिकवून राहिल्या! उद्या बायको पगार मागन मले!"

"मागू द्या नं," कुंदा शांतपणे म्हणाली. मग त्या बाईंकडे वळली. "ताई, त्या दिवशी कधी उठल्या होत्या तुम्ही?"

बाईंनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "हे झोपूनच होते तवा," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग बांध फुटावा तशा बोलत सुटल्या. चणे भिजवले, वाटण केलं, कांदा चिरून चिरून डोळे सुजले, पोरीसोबत डेग उचलून ऑटोत ठेवली. "अन् स्टेजवर माह्यं नाव कोणीच नाही घेतलं. ह्या मॅडमनंच घेतलं."

एखाद्या गोष्टीत यानंतर सगळे विरघळले असते. आमच्याकडे तसं काही झालं नाही. सरांनी प्रणालीच्या वडिलांना चहा पाजला, आणि नव्या वर्षाच्या वेळापत्रकात कुंदाची दहावी काढून तिला आठवी दिली. गणिताच्या बाईकडून दहावी काढून घेणं म्हणजे तिची अब्रूच काढणं, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही कळेल. मी स्टाफरूममध्ये थयथयाट केला. ती डबा खात म्हणाली, "काहून ओरडून राहिली वं? आठवीतलं पोरगं ऐकते तरी. दहावीतल्याले नुसते मार्क पाहिजे." पण त्या दिवशी तिचा अर्धा डबा तसाच राहिला, ते मी पाहिलं. पुढची कितीतरी वर्षं ती आठवीतच राहिली आणि शनिवारचा तास एकदाही चुकला नाही.

शेवटची भेटले ती हॉस्पिटलात. बोलताना धाप लागत होती, तरी औषधाच्या दुकानाचं बिल उशाशी घेऊन बसली होती. मी म्हटलं, "ठेव आता ते." तिने ठेवलं, आणि मग एक गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत मला कधी बोलली नव्हती. निवृत्तीच्या आधी तिला दहावी परत देऊ केली होती. अट एकच, शनिवारचं ते नाटक बंद करायचं. "मग?" मी विचारलं. "मग काय... नाही म्हटलं." एवढं बोलून ती माझ्याकडे बघून खट्याळ हसली. मला तिचा असा अभिमान वाटला की मी तिचा हातच धरून बसले, आणि नर्स बाहेर काढेपर्यंत सोडला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या घरी खूप माणसं आली. बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, चार माणसं बोलली, मीही बोलले आणि मध्येच अडखळले. मग जेवणं झाली. सगळं जेवण प्रणालीकडून आलं होतं. ती आता होस्टेलच्या मुलांना डबे पुरवते, हाताखाली माणसं आहेत, स्वतःची गाडी आहे. पातेली गोळा करायला ती आली, सोबत तिची आईही होती; स्वयंपाक अजून तिच्याच हातचा असतो. अरुणभाऊजींनी पाकीट काढलं तशी ती मागे सरली. "काका, मॅडमच्या घरचे पैसे घेईन का मी? लाजवू नका."

"तू नको घेऊ," तिची आई म्हणाली. "सामान तुह्यं, गाडी तुही, तू सोड. माह्या मजुरीचे मी घेईन."

कुणीतरी बाई कुजबुजली, "अवं, अशा वेळी..."

"अशाच वेळी," ती माउली म्हणाली. "मी फुकटात राबून गेली असती तं मॅडमले राग आला असता."

अरुणभाऊजींचे डोळे भरून आले होते. त्यांनी विचारलं, "किती झाले ताई?" तिने मान वर करून आकडा सांगितला, लेकीकडून रोज घेते तेवढाच, एक रुपया कमी नाही. त्यांनी पैसे दिले. तिने ते सगळ्यांसमोर मोजून घेतले, कमरेच्या बटव्यात ठेवले, आणि मग कुंदाच्या फोटोसमोर जाऊन हात जोडले.