काखेतले निळे ठिपके

बरेच गुन्हे आता विसरलो आहे. ही घटना मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका रेल्वेच्या गावात मी ठाणेदार होतो. एका सकाळी जवळच्या खेड्यातला एक शेतकरी आला. मुलीचं लग्न ठरलेलं.

"सायेब, होणारा जावई सुया टोचून घेते," तो हळूच म्हणाला. "अकोल्याले जाते. मांगच्या येळी माह्या पुतण्यानं त्याच्या काखेत डाग पाह्यले. काऊन म्हणून इचारलं तं पयाला. आजबी गेला हाये."

हातावर व्रण दिसू नयेत म्हणून व्यसनी माणूस कुठे कुठे सुई टोचतो, हे मला ठाऊक होतं. ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि मुलगा दुपारच्या गाडीने उतरताच स्टेशनबाहेर त्याला ताब्यात घेतलं. साडीच्या दुकानातला सेल्समन. पंचांसमक्ष झडती घेतली. पिशवीत जेवणाचा डबा निघाला.

"अकोल्याला कशाला गेला होतास?"

"सायेब, चोरी केली म्हणून लिहून घ्या, पण हे इचारू नका."

असा जबाब मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. शर्ट काढायला लावला. दोन्ही काखा काळ्यानिळ्या आणि त्यांवर पेनाने काढलेले ठिपके, रांगोळीला काढतात तसे ओळीत. हवालदाराने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"साहेब, नकाशा आहे हा!"

तेव्हा पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "घाम येते सायेब. लय येते. गिऱ्हाइकाले साडी मी अंगावर नेसून दाखोतो. रेशमी पदराले डाग पडला तं बाया उठून गेल्या. फिटकरी लावली, पावडर लावली. हिवाळ्यातबी शर्ट ओला. म्हणून इंजेक्शन घेतो."

त्याच्याकडून नंबर घेऊन अकोल्याच्या डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरलं की घाम येतो तिथे काळंनिळं होतं. तिथे खुणा करून बोट्युलिनम टॉक्सिन अगदी थोडं थोडं टोचतो. काही महिने घाम थांबतो, मग परत घ्यावं लागतं."

"टॉक्सिन म्हणजे विषच ना?" हवालदाराने लगेच पेन उचललं. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुलाला तपासून दुजोरा दिला, तेव्हा कुठे ते पेन खिशात गेलं.

"सासऱ्याले सांगू नका," पोरगा हात जोडून म्हणाला. "लग्न मोडन."

सासरा सकाळपासून बाहेर व्हरांड्यातच बसला होता. मी जाऊन एवढंच सांगितलं, "नशा नाही. उपचार आहे."

"म्हंजे रोग हाये? पोरगी देऊन राह्यलो ना मी!"

तो आवाज आत गेला. पोरगा स्वतःच बाहेर आला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"मामा, मले घाम येते. काखेत. त्याचं इंजेक्शन हाये."

सासऱ्याने दोन्ही तळहात पँटला पुसले आणि विचारलं, "हाताचंबी करते काय तो डॉक्टर?"

"हाव. पण दुखते."

"दुखू दे. माह्या लग्नात नवरीचा हात धरला, तं पयलं वाक्य काय बोलली माहीत हाये? हात पुसून येता नाई आलं काय?"

हवालदार तोंड फिरवून हसला. लग्न झालं, मीही जेवून आलो.

गुन्हा बिनदिक्कत कबूल करणारी माणसं मी नोकरीत भरपूर पाहिली. घाम कबूल करायला त्या पोराला त्याहून जास्त हिंमत लागली. त्यानंतर समोरचा माणूस गप्प बसला, की तो काहीतरी लपवतोय हे मी ओळखायचो. पण ते गुन्ह्याचंच असेल, असं धरून चालणं मी सोडलं.